आठ ते नऊचा पाऊस

लिफ्टचं दार मिटता मिटता त्यात एक लाकडी खुंटी घुसली. मागोमाग आणखी चार-पाच खुंट्या, मग चिखल वाळलेले बूट, आणि सगळ्यात शेवटी एक माणूस.

"सॉरी हं... जरा सरकता का?"

मी सरकले. त्याने खुंट्या कशाबशा तिरप्या उभ्या केल्या, दार खडखडलं, लिफ्ट अर्धा मजला वर गेली आणि गचका खाऊन थांबली. दाराच्या फटीत एका खुंटीचं टोक अडकलं होतं. त्याने ते जोर लावून ओढलं. टोक काही निघालं नाही, दिवा मात्र गेला.

"छान!" मी म्हणाले. "आता बसा ओढत. मला वर मीटिंग आहे."

"कुठल्या मजल्यावर?"

"हवामान. चौथा."

"अरे वा!" अंधारातसुद्धा तो खूश झालेला कळला. "म्हणजे तुम्ही पाऊस मोजता?"

"मोजणारे वेगळे. मी बेरीज करते."

"नुसती बेरीज? ती तर दुसरीतली पोरंही करतात की."

आई म्हणते, माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. तो शेंड्यावरून थेट जिभेवर आला. मी त्या अंधारात, अनोळखी माणसाला, मीटिंगचं भान विसरून सगळं ऐकवलं. की सगळ्या मुलखाचा नकाशा चौकटीच्या वहीसारखा आखलेला असतो. की त्यातल्या प्रत्येक चौकोनाला दर तासाला पावसाचा एक आकडा मिळतो. की अशा फायलींच्या राशी रोज येऊन पडतात, आणि कुठल्या चौकोनात किती दिवसांत मिळून किती पाऊस झाला, हे त्यातून काढताना भल्याभल्यांच्या तोंडाला फेस येतो.

सगळं ऐकून तो म्हणाला, "मागे मी तुमच्याकडे फोन केला होता. कोणीतरी बाई वसकन अंगावर आल्या. 'मेल करा' म्हणाल्या आणि फोन आपटला."

मी अंधारात लिफ्टची बटणं दाबत राहिले.

"तुम्ही त्यांना ओळखत असाल ना?"

"...थोडंफार," मी म्हणाले.

आधी तो हसला की मी, ते आता आठवत नाही. पण मेकॅनिकने दार उघडलं तेव्हा आम्ही दोघंही हसत होतो आणि खुंटी तशीच अडकलेली होती. उजेडात पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसला. उन्हाने रापलेला, आणि डोळे... जाऊ दे. डोळे होते, एवढं सांगते.

"या खुंट्यांचं काय करता?"

"दरडींवर नजर ठेवायचं काम आहे माझं. डोंगराच्या उतारावर एका ओळीत ठोकतो. खाली वस्ती आहे. खुंट्या कलायला लागल्या की समजायचं, डोंगर चालायला लागला."

"डोंगर चालतो?"

"चालतो. अगदी हळू. पण एकदा पळायला लागला की मग कोणाचं ऐकत नाही." त्याने खुंट्या खांद्यावर घेतल्या. "मला माझ्या चौकोनाची बेरीज हवी असते. तीन दिवसांची मिळून. ती लाल रेघेच्या वर गेली की भोंगा वाजतो आणि वस्ती खाली शाळेत येते. उद्यापासून रोज फोन करू?"

"रोजचं पत्रक तुमच्या ऑफिसात लागतं की."

"लागतं," तो म्हणाला. "तरी करतो."

आणि खरंच करायला लागला.

*

ते दिवस कडक उन्हाचे होते. आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि दुपारचा चहा संपला की माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा.

"आज किती?"

"शून्य."

"नक्की? एकदा पुन्हा बेरीज करून बघा ना."

"शून्यात शून्य किती वेळा मिळवू?"

"मला वेळ आहे, तुम्ही मिळवा."

माझ्या शेजारी बसते ती नकाशे काढणारी मैत्रीण. आम्ही तिला नकाशेवालीच म्हणतो. ती मान वर न करता म्हणायची, "उन्हाळ्यात रोज पाऊस विचारणारा माणूस आजवर पाहिला नव्हता गं." आणि मी उगाचच स्क्रीनवरचे आकडे वरखाली करत बसायची. फोन यायला थोडा उशीर झाला की माझा जीव खालीवर व्हायचा, हेही आता सांगून टाकते. तो मला 'बेरीजबाई' म्हणायला लागला होता. मी त्याला 'खुंटीवाले'.

हळूहळू मला त्याचं घर कळलं. आईवडील दूर नोकरीच्या गावी, आणि हा शाळेपासून आत्याकडे वाढलेला. आत्या शिवणकाम करायची. घर त्याच उतारावर, वरच्या गल्लीत. फोनवर मागे शिलाई मशीन ऐकू यायचं, पण नेहमी लांबून.

आणि एकदा त्याने आपणहून गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली.

"खुंट्या कलल्या होत्या. एक नाही, चांगल्या सात-आठ. मी आव पाहिला ना ताव, भोंगा वाजवायला लावला. अख्खी वस्ती धावत खाली आली... आत्या पायऱ्यांवर पडली. मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. शिवणाऱ्या बाईचं उजवं मनगट."

"आणि डोंगर?"

"जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, शेळ्या. खुंट्यांना अंग घासून घासून त्यांनीच त्या वाकवल्या होत्या." तो हसला, पण ते हसू नव्हतं. "तेव्हापासून नियम झाला. आकडा रेघेच्या वर असल्याशिवाय भोंगा नाही. आणि आत्याने तर शपथच घेतली, तुझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवून मी पुन्हा उंबरा ओलांडणार नाही. मीही माझ्या डोळ्यांवर ठेवत नाही आता. तुमच्या बेरजेवर ठेवतो."

मी त्यावर काहीतरी थट्टा करायला हवी होती. जमलंच नाही. 'ठेवा', एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी सगळ्या बेरजा दोनदा तपासल्या.

*

मग पाऊस लागला, आणि लागला तो लागलाच. शून्याचे दिवस संपले. फोन आता थट्टेचा राहिला नव्हता.

"किती?"

"रेघेच्या खाली. पण चढतंय."

"बरं. उद्या करतो."

बास, एवढंच. कधीकधी फोन ठेवण्याआधी दोघंही थोडं थांबायचो. तो काही म्हणेल म्हणून मी थांबायची. तो कशासाठी थांबायचा, ते विचारायचा धीर झाला नाही.

त्या दिवशी सकाळपासून आमच्या खिडकीच्या काचांवर पाण्याचा पडदा होता. समोरचा रस्ता दिसेना. दुपारी बेरीज आली आणि मी सुटकेचा श्वास सोडला. रेघेच्या खाली. जेमतेम, पण खाली.

फोन आला. त्याच्या मागे पाणी धो धो वाजत होतं.

"किती, बेरीजबाई?"

"खाली आहे. थोडंच, पण खाली."

पलीकडून नुसता पाऊसच ऐकू आला.

"हॅलो?... काय झालं?"

"खुंट्या कलल्यात."

"शेळ्या?"

"एवढ्या पावसात शेळी कुठली येतेय?" मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाला, "पण गेल्या वर्षीही मला अशीच खात्री वाटत होती. तुम्ही खाली म्हणताय ना... मग खालीच असणार. मी आत्याकडे थांबतो आज. तिला लाडीगोडी लावून बघतो, उतरली तर उतरली."

"तुम्ही तरी उतरा!"

"तिला सोडून?"

हातातला पेन्सिलचा तुकडा टेबलावर टकटक वाजत होता, आणि तो मीच वाजवतेय हे मला नकाशेवालीने हात धरल्यावर कळलं.

"सकाळी तर कहर झाला," तो सांगत होता. "आठ वाजून गेले असतील, मी खुंट्या बघायला निघालो, आणि असा कोसळला की माझी छत्रीच उलटी झाली. काड्या आभाळाकडे. तासभर तसाच भिजत उभा होतो. तुम्ही बघितलं असतंत तर हसला असता..."

मी त्याच्या चौकोनाचे तासातासाचे आकडे उघडले. सात ते आठ, भरपूर. नऊ ते दहा, भरपूर. आठ ते नऊ...

"आठ ते नऊ पाऊस नाहीये तुमच्याकडे."

"नाही कसा? अहो, अजून माझ्या बुटांत—"

फोन तुटला. पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला. 'संपर्क क्षेत्राबाहेर' म्हणणारी ती गोड बाई मला त्या दिवशी समोर भेटली असती तर तिची धडगत नव्हती.

आठ ते नऊ शून्य. मी कालचे आकडे काढले. आठ ते नऊ शून्य. परवाचे काढले. शून्य. मी शेजारचा चौकोन बघितला, मग त्याच्या शेजारचा, मग सगळा नकाशाच स्क्रीनवर आणला. आठ ते नऊ, अख्खा मुलूख कोरडा. रोज. जणू आठ वाजले की आभाळ नाश्त्याला उठून जात होतं.

"हे काय काढलंस?" नकाशेवाली वाकून म्हणाली. मग तिचाही चेहरा उतरला.

मला कळलं होतं.

झालं होतं असं. उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या फायली बदलल्या होत्या. आधी त्यांत प्रत्येक तासाचा पाऊस सुटा असायचा. नव्या फायलींत बादली असते, म्हणजे सकाळी आठपासून आत्तापर्यंत साठलेलं सगळं. दुसऱ्या दिवशी आठ वाजता बादली रिकामी करायची आणि पुन्हा भरायची. मग एका तासाचा पाऊस काढायला काय करायचं, तर या तासाच्या बादलीतून मागच्या तासाची वजा करायची. मी तसं लिहिलं. पण नऊची बादली नुकतीच रिकामी होऊन पुन्हा भरायला लागलेली, आणि तिच्या मागची आठची, काठोकाठ. थोड्यातून पुष्कळ वजा केलं की उत्तर उणे येणार. आणि पाऊस कधी उणे असतो का? म्हणून उणे आलं की शून्य धर, असं मीच प्रोग्रामला बजावून ठेवलं होतं. अतिशहाणपणा नुसता! उन्हाळाभर बादल्या रिकाम्याच होत्या, तेव्हा कोणाच्या लक्षात येणार?

रोजचा एक तास मी फेकून देत होते. आणि या तीन दिवसांत नेमका त्याच तासाला आभाळ फाटलं होतं.

तो माझ्या बेरजेच्या भरवशावर त्या उतारावर थांबला होता.

*

मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. भोंग्याच्या आदेशावर त्यांचीच सही लागते. मी दार न वाजवता आत शिरले आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे आज दुपारी जो आकडा दिलास, तो चुकीचा."

"हो."

"आणि आता जो देशील, तो बरोबर. कशावरून?"

"बाई, प्रोग्राम दुरुस्त केलाय, पुन्हा चालवतेय... सगळ्या नकाशाचा येईपर्यंत थोडा वेळ—"

"मी प्रोग्रामबद्दल विचारत नाहीये. गेल्या वर्षी एकदा उगाच भोंगा वाजला. आज पुन्हा तसंच झालं तर पुढच्या वेळी माणसं जागची हलायची नाहीत. खऱ्या वेळीसुद्धा. कशावरून बरोबर?"

माझे डोळे भरून आले, रागाने की भीतीने देव जाणे. तिथे तो वर थांबलाय, एकेक मिनिट मोलाचं, आणि या इथे माझी परीक्षा घेताहेत! पण त्यांचं काही चूक नव्हतं. तेच तर जास्त लागत होतं.

"बस," त्या म्हणाल्या. कोरा कागद पुढे ओढला. "बादली आठला रिकामी होते ना? मग रिकामी करण्याआधी ती किती भरली होती, तेवढंच सांग. परवा."

मी आकडा सांगितला.

"काल."

सांगितला.

"आणि आज, आत्तापर्यंत."

सांगितला. त्यांनी तीन आकडे एकाखाली एक लिहिले, रेघ मारली आणि शाळेत शिकवतात तशी हातचा धरून बेरीज केली. तासांचे तुकडे नाहीत, वजाबाकी नाही, उणे नाही. मी भरलेल्या बादल्या तासातासाने मोकळ्या केल्या होत्या आणि पुन्हा भरायला गेले होते. नुसता द्राविडी प्राणायाम!

बेरीज रेघेच्या वर होती. थोडीथोडकी नाही, चांगली वर.

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फोन उचलला. "भोंगा वाजवा. हो, माझ्या सहीने... नाही, दुपारचा आकडा चुकला होता. चूक आमची आहे."

'आमची' म्हणाल्या. मला तिथेच रडू कोसळलं असतं. पण तेवढ्यात खिडकीबाहेर, पावसाच्या पल्याड, तो सुरू झाला. लांबलचक, चढत जाणारा, अंगावर काटा आणणारा भोंगा. मी आयुष्यात इतका सुंदर आवाज ऐकलेला नाही.

मी फोन लावला. तीच गोड बाई.

"जा," मोठ्या बाई म्हणाल्या. चष्मा लावून त्या पुन्हा कागदात बघत होत्या. "शाळेत जा. रोज दुपारी कोणाचा फोन येतो, ते मलाही ऐकू येतं."

*

शाळेच्या पटांगणात पाणी घोट्यापर्यंत होतं. माणसं येत होती. कोणाच्या डोक्यावर गाठोडं, कोणाच्या कडेवर मूल, एकाच्या हातात पिंजरा आणि त्यात चिंब भिजून चिडलेला पोपट. मी प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत होते. एकही चेहरा त्याचा नव्हता.

मग एक ठेंगणीशी बाई आली. दोन्ही हातांनी छातीशी कपड्यांचा गठ्ठा धरलेला. उजवं मनगट किंचित बाहेर वळलेलं.

मी धावत पुढे गेले. "आत्या!"

ती चमकली. "तू कोण गं?"

"तुमचा भाचा... ते कुठे आहेत?"

"वर गेलाय. शेवटच्या घरात म्हातारे मास्तर राहतात, कानांनी ठार बहिरे. त्यांना भोंगा वाजून काय, न वाजून काय? मला अर्ध्या पायऱ्या उतरवून दिलं आणि गेला परत." तिने गठ्ठा माझ्या हातात कोंबला. "धर हे. लोकांचे कपडे आहेत, भिजायला नकोत. माझं काय, माझं अंगावर आहे."

मी एका हाताने गठ्ठा सांभाळला आणि दुसऱ्याने तिचं वाकडं मनगट धरलं. आम्ही दोघी फाटकाकडे बघत उभ्या राहिलो.

येणाऱ्यांची रांग विरळ झाली. मग तुरळक. मग कोणीच नाही.

आणि तो आवाज झाला. आधी पायांखाली जाणवला, मग कानांनी ऐकला. कडाडणं नव्हतं ते, खोल, लांब घरघर होती, आणि ती थांबतच नव्हती. वरच्या गल्लीतले दिवे एका टोकापासून विझत गेले. पटांगणातला गोंगाट एकदम बंद झाला. पोपटसुद्धा गप्प.

आत्याची नखं माझ्या मनगटात रुतली.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं, ते लपवत नाही. मला तो हवा होता. आकडा विचारणारा, उगाच हसणारा, फोन ठेवण्याआधी थांबणारा. मी इतके दिवस त्याच्याशी नुसती बोलत होते असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. आणि हे कळायला मी असली वेळ निवडली होती.

"तो चपळ आहे," आत्या पुटपुटली. "लहानपणापासून चपळ आहे तो. माझ्या हाती कधी लागायचा नाही मार खायला..."

मग फाटकाबाहेरच्या वळणावर काहीतरी हललं. आधी मला दिसली ती छत्री. उलटी झालेली, काड्या आभाळाकडे. ती एका म्हाताऱ्याने मोठ्या ऐटीत धरली होती, आणि म्हातारा कोणाच्या तरी पाठीवर होता.

"एवढा गोंधळ कसला आहे?" मास्तर ओरडून विचारत होते. "आणि हा मुलगा मला कुठे घेऊन चाललाय?"

आत्या मटकन खाली बसली, पाण्यातच. चार माणसांनी धावत जाऊन मास्तरांना उतरवून घेतलं. तो सरळ झाला, डोळ्यांवरचा चिखल पुसला आणि त्याने मला पाहिलं. माझा हात अजून आत्याच्या हातात होता.

तो चालत आला. माझ्यासमोर थांबला. त्याला धाप लागली होती.

"किती?" तो म्हणाला.

"वर. रेघेच्या खूप वर." मी म्हणाले. "सकाळपासूनच वर होतं. मी चुकले. रोजचा एक तास मी... आठ ते नऊचा... तुम्ही छत्रीचं सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं. मी तुम्हाला 'खाली' म्हणाले आणि तुम्ही माझ्या शब्दावर तिथे—"

"म्हणजे शेळ्या नव्हत्या," तो म्हणाला.

मला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू फुटलं, लोकांच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर. त्याने हात पुढे केला, तो चिखलाने माखलेला बघून मागे घेतला, मग माझा चेहरा बघून पुन्हा पुढे केला. माझ्या गालाला चिखल लागला. लागू दे.

"ती ऐकत नव्हती," तो हळूच सांगत होता. "म्हणे, आकडा दाखव. मी दारात बसून होतो, आकडा खाली आहे म्हणून. मग भोंगा वाजला. मला वाटलं, माझ्या बेरीजबाईंना काहीतरी सापडलं. आत्याने मशीन थांबवलं, कपडे उचलले आणि उंबरा ओलांडला."

"कोणाच्या बेरीजबाईंना?" मी विचारलं.

तो बघत राहिला. पावसाचं पाणी त्याच्या भुवयांवरून टपटपत होतं.

"माझ्या," तो म्हणाला. "चालेल ना?... मला तुझ्याशिवाय करमत नाही. आकडा निमित्त होतं. पहिल्या दिवसापासून होतं."

"माहीत होतं," मी म्हणाले. "मलाही नाही करमत. चालेल."

"अगंबाई!" खालून आवाज आला. आत्या पदर पिळत उठत होती. "म्हणजे ती पावसाची मुलगी ती हीच का?"

तो कानांपर्यंत लाल झाला. इतक्या चिखलातूनही दिसला.

"तुला सांगते," आत्या माझ्याकडे वळली, "घरात कोपऱ्या-कोपऱ्यात रेंज यायची. पण चहा झाला की हा फोन घेऊन अंगणात. ऊन असो, काही असो. मला म्हणायचा, आत आवाज नीट येत नाही गं. मी काय दुधखुळी आहे?"

बोलता बोलता तिची नजर वर गेली. जिथे वरची गल्ली होती तिथे आता नुसता काळा, ओला चरा दिसत होता. तिचं घर नव्हतं. मशीन नव्हतं. तिने ते बराच वेळ बघितलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिने तो राहू दिला.

मग तिने नाक पुसलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"अंगण तर गेलं रे," ती म्हणाली. "आता कुठे उभा राहून बोलशील हिच्याशी?"

त्याने माझ्या हातातला कपड्यांचा गठ्ठा घेतला. तो नीट काखेत धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"समोर," तो म्हणाला.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. शून्य असलं तरी."